पिंगळ्यासमोर नाव घेऊ नये

पिंगळा काही लई मोठा पक्षी न्हाई. साळुंकीएवढाच, पण ठेंगणा, गुबगुबीत, मान खांद्यात घुसलेली. पाठ मातकट, आणि तिच्यावर पांढरे ठिपके. भाकरी थापताना पीठ उडून लुगड्यावर पडतं ना, तसे. पोट पांढरट, त्याच्यावर तपकिरी फराटे. डोळे मात्र पिवळेजर्द आणि त्यांच्यावर पांढऱ्या भुवया. त्या भुवयांमुळं तो सदा रागावलेला दिसतो. रागावलेला नसतो बरं का, त्याचं तोंडच तसं. आमच्या मालकांचंही तसंच होतं. लग्नात त्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाला मी पसंत न्हाई. मंग कळलं की भुवयाच तशा हायेत.

पोरं जालन्याला राहायला गेल्यावर आम्ही दोघं गावातलं घर बंद करून आखाड्यावर आलो. आमच्याकडं शेतातल्या घराला, गोठ्याला मिळून आखाडा म्हणतात. पुढं मोसंबीचा बाग, एका अंगाला विहीर, कडब्याची गंजी, आणि अंगणाच्या कडंला एक जुनी चिंच. तिची एक मोठी फांदी वादळ-वावधानात मोडल्ती, तिथं ढोली पडलेली. त्या ढोलीत पिंगळ्यांचं जोडपं. आम्ही यायच्या आधीपासून ते तिथं होते, म्हणजे खरं तर आम्हीच त्यांच्याकडं राहायला गेल्तो.

मालकांना त्या जोडप्याचा फार नाद. दिवस कलला की बाज अंगणात टाकायची, चहा घ्यायचा आणि चिंचेकडं तोंड करून बसायचं. आधी ढोलीच्या तोंडाशी एक डोकं दिसायचं. ते इकडं बघायचं, तिकडं बघायचं, आत जायचं, पुन्हा यायचं. हे म्हणायचे, "ती बघ, बराबर तुझ्यासारखी. आधी डोकावून बघती कोण पाहुणा आलाय, मंग बाहेर येती."

"आणि तो?" मी विचारायचे.

"तो काय, तिनं सांगितलं की येतो."

मंग दोघं एका फांदीवर अंगाला अंग लावून बसायचे. एक मान वाकवायचा, दुसरा चोचीनं त्याची मान खाजवायचा. असं लई वेळ चालायचं. आमचं वय झालेलं, नातवंडं झालेली, तरी तसं काही दिसलं की आम्ही दोघंही उगीच दुसरीकडं बघायचो. मी म्हणायचे, चहा गार होतोय. ते म्हणायचे, होऊ दे.

आपण जरा जवळ गेलो की पिंगळा आपल्याकडं टक लावून बघतो आणि डोकं खाली-वर, खाली-वर करतो, जसा कोणी म्हातारा चष्मा न्हाई म्हणून नोटेवरचा आकडा वाचून राह्यलाय. मंग एकदम उडतो. चार फडफडी मारून खाली झुकतो, पुन्हा वर येतो, असा झोके घेत जातो आणि खांबावरच्या दिव्यापाशी बसतो. दिव्यावर किडे येतात, ते त्याला आयते सापडतात. टोळ, भुंगे, पाली, उंदीर, त्याला काहीही चालतं. बागेत ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडायचे. आमच्या शेजारच्या बागेत दर हंगामाला नळ्या बदलायचा खर्चा, आमच्याकडं न्हाई. मालक म्हणायचे, "आपले दोन राखणदार हायेत. पगार न्हाई, जेवण त्यांचं त्यांच्याकडं." चिंचेखाली सकाळी झाडायला गेलं की बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या सापडायच्या. फोडल्या की आत उंदराची लव, बारीक हाडं, भुंग्याचे चकचकीत पंख. त्याला पचत न्हाई ते तो ओकून टाकतो. दिवसा मात्र त्याचे हाल. चुकून उघड्यावर दिसला की कावळे, कोतवाल, बुलबुल, खार सगळे मिळून त्याच्यावर धावतात. तो बिचारा डोळे बारीक करून मुकाट बसतो. बोलायचं ते तिन्हीसांजेला. चिर्रर्र चिर्रर्र, चिवक चिवक चिवक, दोघं एकदमच बोलतात आणि ऐकणारा कोणीच नसतो, असं वाटतं.

आता ह्या बोलण्याचीच गोष्ट सांगायची आहे.

माझं माहेर मंठ्याकडचं. तिकडं पिंगळ्याला कोणी वाईट म्हणत न्हाई. पण सासर पडलं हसनाबादकडं, आणि सासूबाईंच्या घरात नियम पक्का होता. तिन्हीसांजेला पिंगळा बोलायला लागला की कोणी कोणाचं नाव घ्यायचं न्हाई. पिंगळा नाव ऐकतो, ध्यानात ठेवतो, ढोलीत बसून तेच घोकत राहतो, आणि ज्याचं नाव घोकलं तो माणूस दिवसादिवसानं झिजत जातो, असं त्या सांगायच्या. म्हणून लेकरांना हाक मारायची तर ए थोरल्या, ए मधले, ए शेंबड्या. चुकून कोणी नाव घेतलंच, तर लगेच परात वाजवायची, म्हणजे नाव आवाजात बुडतं. एकदा आमचा एक पाहुणा अंबडकडून ऐन दिवेलागणीला आला आणि गाडीवरूनच एकेकाचं नाव घेऊन हाका मारायला लागला. सासूबाई परात घेऊन अंगणात धावल्या. "आला मेला नावं वाटीत!" म्हणून परात बडवून राह्यल्या आणि पाहुण्याला वाटलं, आपलं स्वागत चाललंय. तो हात जोडून उभा.

शेजारच्या बागेतल्या भाभी ह्याच्यावर फार हसायच्या. त्यांच्या घरी उर्दू बोलतात, आमच्याशी अर्धी मराठी. त्या मला म्हणायच्या, "अगे बाई, पिंगळे को नाम याद रैता क्या? हमारे मियाँ को मेरा याद नै रैता, 'अगे ओ' बोलके बुलाते!" मीही हसायचे. पण हसून आले तरी तिन्हीसांजेला नाव न्हाई घ्यायचे. सवय अंगात मुरलेली असती.

मंग मालकांचं विसरणं सुरू झालं. आधी जेवलो का न्हाई ते विसरले, मंग बागेतली मोटर चालू करून विसरले. मंग एका दिवाळीला मुलगा आला तर त्याला म्हणले, "या पाहुणे, कोणतं गाव?" पोरगा हसला आणि गोठ्यामागं जाऊन रडला. माझ्याकडं बघून म्हणायचे, "बाई, तुम्ही कोणाच्या?" मी म्हणायचे, "तुमच्याच." ते मान हलवायचे, पण तोंडावर काही उमटायचं न्हाई.

जालन्याला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. चांगल्या होत्या, पोरीसारख्या. गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणल्या, "आजी, ह्यानं फार फरक पडंल असं मी सांगणार न्हाई. पण तुम्ही त्यांना नावानं हाक मारत जा. समोर जाऊन, तोंडाकडं बघून. माणसाला स्वतःचं नाव लई दिवस राहतं. ते धरून ठेवा."

आता घ्या! उभ्या जन्मात मी नवऱ्याचं नाव घेतलं ते एकदा, लग्नात जावांनी दार अडवलं तेव्हा, उखाण्यात. त्यानंतर 'अहो', 'ऐकलं का', 'पोराचे बाबा'. सून म्हणली, "आत्या, घ्या की, त्यात काय?" तिचं बरं आहे, ती तर माझ्या पोराला माझ्यादेखत नावानं हाका मारती. मी बागेत गेले, कोणी न्हाई हे बघितलं आणि मोसंबीच्या झाडांपुढं उभी राहून नाव घेऊन बघितलं. पहिल्यांदा आवाजच निघंना. दुसऱ्यांदा निघाला तर बांधापलीकडून भाभी, "अगे बाई, पेड़ां को नाम से पुकार रई क्या?" मी त्यांना सांगितलं डॉक्टरीण काय म्हणली ते. त्या बांधाजवळ आल्या. मंग म्हणल्या, "लो. जोर से लो. मैं भी सुनती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांच्या पुढ्यात बसले आणि नाव घेतलं. नुसतं नाव, लहानपणी त्यांना घरात म्हणायचे तसं. त्यांनी मान वर केली. तोंड उजळलं. म्हणले, "ओ माय."

मला माय समजले होते. काय करणार? ओ तर दिली. त्या नावाला धरून ते उठायचे, जेवायचे, अंगोळीला यायचे. मी त्यांची माय होऊन नाव घेत राह्यले. रोज वाटायचं, आज ओळखतील. आज म्हणतील, 'काय गं?' चाळिसाहून जास्ती वर्षं ज्या दोन शब्दांना मी कधी मोजलं न्हाई, त्यांच्यासाठी कान तरसले होते.

पण ह्या दुखण्यात सगळ्यात वाईट वेळ तिन्हीसांजेची. दिवस बुडायला लागला की मालक घाबरे व्हायचे. स्वतःच्या अंगणात बसून म्हणायचे, "चला, घरला जाऊ, अंधार पडून राह्यला." चप्पल शोधायचे, फाटकाकडं निघायचे. त्याच वेळी त्यांना हाक मारायला पाहिजे होती, आणि त्याच वेळी चिंचेवर पिंगळे बोलून राह्यलेले. माझं तोंड उघडायचं आणि मिटायचं. मी नुसता हात धरायचे. ते हात सोडवायचे. परक्या बाईनं हात का धरावा?

त्यातच अक्का आल्या. अक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण, अंकुशनगरला लेकाकडं राहतात. भावाला बघायला आल्या आणि राह्यल्या. सासूबाईंची लेक, तेव्हा त्यांचं सगळं तसंच. दिवसा "भाऊ, भाऊ" करून त्याला घास भरवायच्या, दुपारी त्याचं डोकं मांडीवर घेऊन लहानपणाच्या गोष्टी सांगायच्या. जीव होता फार. पण पहिल्याच सांजेला पिंगळा ऐकला आणि मला म्हणल्या, "पोरी, हे घरात पाळलंस व्हय? म्हणून तर माझा भाऊ असा होऊन बसलाय. ढोली बुजव."

मी म्हणलं, "अक्का, त्यांना लई आवडतात ते."

"आवडतात! लेकराला चुलीतला इंगळ आवडला म्हणून हातात द्यावा का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दगड-माती गोळा केली आणि भाभींच्या मियाँना शिडी घेऊन बोलावलं. ते शिडीवर चढले, ढोलीत डोकावले आणि खाली उतरले. "अंदर बच्चे हैं, अक्का. मेरे से नै होता." आणि मालक? सगळं विसरलेला तो माणूस, चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून उभा राह्यला. कोणी काही सांगितलं नव्हतं. हलेना. अक्कांनी "भाऊ, सरक" म्हणलं तरी हलेना. शेवटी अक्काच म्हणल्या, "राहू दे आजच्या दिवस," आणि तो दगड-मातीचा ढीग तसाच पडून राह्यला.

आठवडा गेला असंल. फाल्गुनातली सांज होती. मी गाईला पाणी दाखवून आले तर बाज रिकामी. अक्का आत देवापाशी होत्या. फाटक उघडं. आधी वाटलं आसपासच असतील. मुलानं त्यांच्या खिशात एक बटनाचा मोबाईल ठेवला होता, त्याच्यावर फोन लावला. घंटी वाजली गव्हाणीत! गाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मोबाईल कडब्यात, माणूस न्हाई.

मंग आमचा धीर सुटला. पुढं विहीर, पलीकडं रस्ता. अक्का बॅटरी घेऊन विहिरीकडं धावल्या, मी गोठा, बाग करत फिरून राह्यले. "अहो! अहो, कुठं आहात?" अक्का तिकडून, "भाऊ! ए भाऊ!" कोण ओ देणार? 'अहो' त्यांच्या ध्यानातून कधीचंच गेलं होतं. 'भाऊ' तर गावात सगळेच. चिंचेवर पिंगळ्यांचा नुसता कालवा. अंधार असा पटापट उतरून राह्यलेला. मला फक्त विहिरीतलं पाणी दिसून राह्यलं होतं.

मी कडब्याच्या गंजीपाशी थांबले आणि नाव घेतलं. सगळ्या जोरानं. त्यांच्या मायनं घ्यावं तसं न्हाई, मी बायको म्हणून.

विहिरीवरून अक्का ओरडल्या, "अगं ए! गप!" आणि कठड्यावरचं लोखंडी घमेलं उचलून त्याच्यावर दगड हाणायला लागल्या. ठण्ण ठण्ण ठण्ण. नाव बुडवायला. पिंगळे फडफडून उडाले.

आणि गंजीच्या मागून, माझ्यापासून हाताच्या अंतरावरून आवाज आला, "ओ."

मी वळसा घालून गेले. मालक कडब्याला टेकून, पाय लांब करून बसल्ते, चिंचेकडं तोंड करून. माझ्याकडं बघितलं. भुवया वर गेल्या.

"कोण हाका मारून राह्यलं?"

"मी," मी म्हणलं.

बघत राह्यले. मंग म्हणले, "नवऱ्याचं नाव घेऊन हाका मारतीस व्हय गं? माय ऐकंल ना."

गं म्हणले. मला गं म्हणले! मी तिथंच त्यांच्याशेजारी बसले.

"ऐकू द्या," मी म्हणलं.

"लई धीट झालीस." आणि हसले. गालात हसायची त्यांची सवय होती तसे. मंग कान देऊन म्हणले, "ते काय वाजून राह्यलंय?"

"अक्का हायेत. घमेलं वाजवतायत."

"कशापायी?"

"तुमचं नाव पिंगळ्याला ऐकू जाऊ नये म्हणून."

त्यांनी जरा विचार केला. "तो ऐकून काय करणार? त्याला लेकरांचं पोट भरायचं पडलंय." आणि माझ्या डोक्यावरचा पदर सरकला होता तो बोटानं नीट केला.

मला तिथून उठायचं नव्हतं. अक्कांना हाक मारून सापडले म्हणून सांगायला पाहिजे होतं, तेही मी केलं न्हाई. घमेलं वाजत होतं तोवर आम्ही दोघं कडब्याला टेकून बसलो. मंग घमेलं थांबलं, बॅटरीचा उजेड हलत हलत आला आणि मालकांच्या डोळ्यावर पडला. त्यांनी डोळे किलकिले केले, माझ्याकडं वळून बघितलं आणि मऊ आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

अक्कांनी भावाला उराशी धरलं, आणि त्याच्या खांद्यावरून मला म्हणल्या, "दिलंस ना! माझ्या भावाचं नाव ऐन सांजेला पिंगळ्याच्या तोंडात दिलंस! आता बघ." मी सांगायला गेले, तर हात वर करून म्हणल्या, "मला बोलू नको." सकाळी पिशवी घेऊन निघाल्या. मी फाटकापर्यंत गेले. त्यांनी मागं वळून बघितलं न्हाई.

त्यानंतर मी रोज तिन्हीसांजेला नाव घेतलं. पिंगळे बोलत असले तरी घेतलं. भ्यायचं ते त्या दिवशी संपलं. त्यांनी प्रत्येक वेळी ओ दिली, पण 'ओ माय' दिली. त्या एका सांजेनंतर त्यांनी मला पुन्हा ओळखलं न्हाई. मी कडब्यापाशी नेऊन बसवलं, तसाच पदर सरकवून बघितला, काही उपयोग न्हाई. पावसाळ्यात जेवण तुटलं. डॉक्टरीण म्हणली, हे दुखणं असंच जातं, गिळायचंही विसरतं माणूस. अंग असं उतरलं, की उचलून बसवायला मी एकटी पुरायचे. शेवटी शेवटी ओ देणंही बंद झालं, नाव घेतलं की नुसत्या पापण्या हलायच्या. पोळ्याच्या सुमारास गेले.

मातीला अक्का आल्या. तोंडावरचं कापड बाजूला करून त्यांनी भावाला बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणल्या, "झिजला गं माझा भाऊ. सांगितलं होतं मी." बायका माझ्याकडं बघायला लागल्या. भाभी पुढं होऊन काही बोलणार होत्या, मी त्यांचा हात दाबला. झिजले होते, हे तर खरंच होतं.

मंग वर्षसराधापर्यंत आमचं बोलणं न्हाई. फोन न्हाई, निरोप न्हाई. सराधाला आल्या, जेवणं झाली, माणसं गेली. मला वाटलं मुलाच्या गाडीत त्याही जातील. पण राह्यल्या. दिवस कलताना मी अंगणात बाज टाकली तर येऊन शेजारी बसल्या. थकल्या होत्या, एका कानानं कमी ऐकू येत होतं. चिंचेवर पिंगळे बाहेर आले, बोलायला लागले. अक्कांनी एकदा वर बघितलं.

मंग म्हणल्या, "त्या दिवशी त्यानं ओ दिल्ती का?"

"दिल्ती."

"मला न्हाई ऐकू आली."

"तुम्ही घमेलं वाजवून राह्यल्त्या, अक्का."

त्यांनी मान हलवली. "काय म्हणला?"

मी सांगितलं. नवऱ्याचं नाव घेऊन हाका मारतीस व्हय गं, म्हणले. माय ऐकंल म्हणले. लई धीट झालीस म्हणले. पदर नीट केला ते सांगितलं न्हाई, ते माझ्याकडंच ठेवलं.

"माय ऐकंल म्हणला?"

"हो."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसतायत. "लहानपणी हेच म्हणायचा," त्या पदरातूनच म्हणल्या. "गूळ खाल्ला, की अक्का हळू, माय ऐकंल. काचेची बरणी फोडली, की अक्का, माय ऐकंल..." मी पाठीवर हात ठेवला.

डोळे पुसून झाल्यावर म्हणल्या, "मला न्हाई गं घेता येणार ह्या वेळेला. जीभच उचलत न्हाई. तू घे."

"काय?"

"नाव."

मी चिंचेकडं बघितलं. दोघं फांदीवर होते, चिवक चिवक चाललेलं. मी नाव घेतलं, त्या दिवशी घेतलं तेवढ्याच जोरानं. बागेपलीकडं भाभींची मोटर चालू होती, तिचा आवाज येत होता. अक्का डोकं एका अंगाला कलंडवून, चांगला कान गंजीकडं करून बसल्या होत्या.

मंग म्हणल्या, "अजून एकदा घे."